सहीचा पगार आणि हातातला पगार

प्रश्न असा आला आहे: "हिंगोली जिल्ह्यात एका संस्थेच्या मुलींच्या बालगृहात मी पाच वर्षांपासून काळजीवाहक आहे. रात्रपाळीही करते. संस्थेला सरकारी अनुदान आहे. मला हातात ६,००० रुपये मिळतात, तेही चार-पाच महिन्यांनी एकदा. सही मात्र जास्त रकमेवर घेतात. विचारलं की 'अनुदान आलं नाही' एवढंच उत्तर. माझी जाऊ अंगणवाडीत मदतनीस आहे, तिचंही रडगाणं हेच. सरकार पैसे देतं म्हणतात, मग अडतं कुठं? आणि आम्ही दाद मागायची कुणाकडं?"

ताई, उत्तर देण्याआधी मी कुठून बोलतेय ते सांगते. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या अनुदानित संस्थांमध्ये माझी सत्तावीस वर्षं गेली. आधी हिशोबाच्या टेबलावर, नंतर मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून. पगार उशिरा घेणाऱ्यांत मी होते आणि पगार थांबवणाऱ्यांतही होते. एका वर्षी अकरा जणांचे पगार मी सात महिने थांबवले. त्यामुळं संस्थाचालक तेवढे चोर आणि कर्मचारी तेवढे बिचारे, असं सरळ चित्र माझ्याकडं नाही. जास्त रकमेवर सही घेणं ही गोष्ट मात्र वेगळी आहे. तिच्याकडं नंतर येते.

आधी हे शोधा की तुमच्या संस्थेला येणारं अनुदान कुठल्या जातीचं आहे. 'अनुदानित' हा एकच शब्द सगळे वापरतात आणि तिथंच घोळ होतो. शंभर टक्के अनुदानित शाळेतल्या मास्तरांना मिळतं ते वेतन अनुदान. त्यात वेतनश्रेणी असते, महागाई भत्ता असतो, वर्षाला वाढ असते. राज्याच्या अंदाजपत्रकात अशा पैशाच्या ओळीपुढं '३६ - सहायक अनुदाने (वेतन)' असं लिहिलेलं असतं. त्याच्या शेजारी दुसरी ओळ असते, '३१ - सहायक अनुदाने (वेतनेतर)'. दिसायला दोन आकड्यांचा फरक, पण माणसाचं अख्खं आयुष्य त्यावर ठरतं. ३६ मधला माणूस पगारदार. ३१ मधून ज्याला पैसे मिळतात तो कागदोपत्री भाजी, गॅस, वीज यांच्या रांगेतला खर्च. आपल्याकडं विनाअनुदानित शाळेतले शिक्षक वीस टक्के, चाळीस टक्के, साठ टक्के असे टप्पे मोजत म्हातारे झाले, ते याच दोन ओळींमधलं अंतर कापण्यासाठी.

वेतनाच्या खालची पायरी मानधनाची. पद ठरलेलं, रक्कम ठरलेली, पण ती रक्कम गोठलेली. आणि सगळ्यात खालची पायरी दरडोई अनुदानाची. म्हणजे पटावर पन्नास मुली असतील तर पन्नास गुणिले इतके रुपये. त्यातच जेवण, कपडे, औषधं, भाडं आणि उरलं तर पगार. दरडोई पैशावर चालणाऱ्या घरात पगार हा कायम 'उरलं तर' मध्ये असतो. हा दोष चालकाचा नाही, अनुदानाची आखणीच तशी आहे.

मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मुलांच्या पालनपोषणाचे महिन्याला दरडोई ३,००० रुपये वेगळे आणि कर्मचाऱ्यांचे पैसे पदनिहाय वेगळे धरले आहेत. ही आधीपेक्षा बरी गोष्ट. त्यात गृहमातेला १४,५६४ रुपये, स्वयंपाक्याला ९,९३० आणि मदतनीस-नि-रात्रपहारेकऱ्याला ७,९४४ रुपये धरले आहेत. तुमचं बालगृह या योजनेतून चालतं की राज्याच्या वेगळ्या योजनेतून, हे तुम्हाला माहीत नसणार. बहुतेक बायकांना नसतंच. ते मंजुरी आदेशात लिहिलेलं असतं. तो आदेश मिळवणं हे तुमचं पहिलं काम.

आता या आकड्यांशी थोडा हिशोब करू. ७,९४४ ला २६ दिवसांनी भागलं तर दिवसाला ३०५ रुपये पडतात. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर ३१२ रुपये होता. म्हणजे पाझर तलावावर माती उचलणाऱ्या बाईला कायद्यानं जे देणं भाग होतं, त्यापेक्षा पन्नास मुलींची रात्र राखणाऱ्या माणसाचा दर योजनेनंच कमी ठरवला आहे. मातीकाम हलकं असं मी म्हणत नाही, माझी आई बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली आहे. पण मातीचा ढिगारा रात्री दोन वाजता उठून रडत नाही.

रात्रपाळी म्हणजे काय हे अंदाजपत्रक लिहिणाऱ्यांना दाखवावं असं मला फार वाटायचं. आमच्याकडं एक मावशी होत्या. साडेनऊला दिवे मालवायचे. दहाला अंथरूण ओलं करणारीला उठवून न्यायचं, बारा वाजता परत. खरूज झालेल्या चार जणींना मलम लावून त्यांच्या चादरी वेगळ्या ठेवायच्या, कारण सकाळी त्या उकळत्या पाण्यात टाकायच्या असतात. नवीन आलेली मुलगी रात्री दारापाशी जाऊन बसते. तिला काही विचारायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं. एकदा एका मुलीला फणफणून ताप आला, तर मावशींनी तिला कडेवर घेऊन सव्वा किलोमीटर चालत ग्रामीण रुग्णालय गाठलं. तेव्हा रिक्षा मिळत नव्हती आणि संस्थेची गाडी चालकाच्या पुतण्याच्या लग्नात होती. सकाळी हजेरीपत्रकात याची नोंद 'पी'. उपस्थित. हजेरीपत्रकात 'पी'ला एकच चौकोन असतो.

आता गोठलेल्या आकड्याकडं येते, कारण खरा मार तिथं बसतो. माणसं म्हणतात मानधन कमी आहे. कमी आहेच. पण त्याहून वाईट म्हणजे ते वाढायची कुठली रीतच ठरलेली नाही. अंगणवाडी सेविकेच्या मानधनाचा केंद्रानं ठरवलेला भाग १ ऑक्टोबर २०१८ पासून ४,५०० रुपये झाला आणि मदतनिसाचा २,२५०. पुढं केंद्राचा आकडा तिथंच थांबला. त्या काळात केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता ९ टक्क्यांवरून जुलै २०२५ पर्यंत ५८ टक्क्यांवर गेला. तोच भत्ता ४,५०० ला लावला असता तर आकडा साडेसहा हजारांच्या वर गेला असता. कुणी बढती मागितली नव्हती, वेतन आयोग मागितला नव्हता, नुसती महागाई धरली तरी एवढं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईचं उदाहरण तर लाज आणणारं आहे. केंद्राचा दर डिसेंबर २००९ मध्ये महिन्याला १,००० ठरला, तोही वर्षाचे दहाच महिने. महागाई भत्त्यानं तो आज २,८०० च्या आसपास हवा होता. महाराष्ट्रानं आपल्या पदरचे घालून तो २,५०० पर्यंत नेला, म्हणजे राज्याची वाढ धरूनही २००९ ची किंमत अजून भरून निघाली नाही.

राज्य वाढ देतं, नाही असं नाही. २०२३ च्या अर्थसंकल्पात अंगणवाडी सेविकांचे ८,३२५ चे १०,००० झाले, मदतनिसांचे ४,४२५ चे ५,५००, आशांचे ३,५०० चे ५,०००. त्याच वर्षी ४ डिसेंबरला सेविका-मदतनीस संपावर गेल्या आणि २५ जानेवारी २०२४ पर्यंत, बावन्न दिवस, राहिल्या. तुमच्या जाऊबाईंना ते दिवस आठवत असतील. त्यानंतरही वाढी झाल्या. पण रीत बघा. दर वेळी आझाद मैदान, दर वेळी थंडीत सतरंजी, दर वेळी एक घोषणा. पगारदाराला जे वर्षातून दोनदा आपोआप मिळतं, ते मानधनवालीला संप करून, कृपा म्हणून मिळतं. म्हणून कुठल्याही संघटनेत गेले की मी एकच म्हणते: या वर्षी किती हजार वाढवता हे विचारू नका, आकडा महागाई भत्त्याला बांधता का हे विचारा. हजार-दोन हजार मागितले की पुढारी पाचशे कमी करून हार घालून घेतो. भत्त्याला बांधायचं म्हटलं की वित्त विभागाचा माणूस खुर्चीत सरळ बसतो, कारण तो खर्च दर वर्षीचा, कायमचा.

ते सरळ बसणं मी पाहिलंय. म्हणून सांगते की 'मानधन' हा शब्द आदरानं ठेवलेला नाही. १९७५ साली २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा गावातल्या शिकल्या-सवरल्या बाईनं थोडा वेळ द्यावा अशी कल्पना होती, तेव्हा तो शब्द शोभलाही असेल. आज तीच बाई मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकर अॅपमध्ये रोज नोंदी करते, वजनं घेते, आहार वाटते, सर्वेक्षणाला जाते, निवडणुकीच्या कामाला जाते. काम नोकरीचं, शब्द सेवेचा. २००६ मध्ये अमीरबी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका सरकारी पद धारण करत नाहीत असं म्हटलं, आणि पुढं प्रत्येक बैठकीत तो निकाल समोर यायचा. २०१३ च्या मे महिन्यात ४५ व्या भारतीय श्रम परिषदेनं योजना-कर्मचाऱ्यांना, म्हणजे अंगणवाडी, आशा अशा सरकारी योजनांत मानधनावर राबणाऱ्यांना, कामगार म्हणून मान्यता द्या, किमान वेतन द्या अशी शिफारस केली. सरकार, मालक, कामगार तिघंही त्या परिषदेत बसतात. शिफारस कागदावर राहिली.

पण २५ एप्रिल २०२२ चा निकाल मात्र कामाचा आहे. गुजरातमधल्या दाहोदच्या मणिबेन भारिया यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सेविका आणि मदतनिसांना १९७२ च्या कायद्याप्रमाणं ग्रॅच्युइटी द्यावीच लागेल. 'हे मानधन आहे, वेतन नव्हे' हा सरकारचा युक्तिवाद तिथं टिकला नाही. नाव काहीही ठेवा, कामाच्या बदल्यात दिलेला पैसा तो वेतनच. ग्रॅच्युइटीचा हिशोब सोपा आहे: शेवटचं मासिक वेतन, त्याला १५ नं गुणा, २६ नं भागा, आलेल्या रकमेला सेवेच्या वर्षांनी गुणा. १०,००० वर पंचवीस वर्षं केलेल्या सेविकेचे १ लाख ४४ हजार होतात. जाऊबाईंना सांगा, नेमणुकीचा आदेश पत्र्याच्या पेटीत असेल तर काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. निवृत्तीच्या वेळी कार्यालयात नस्ती सापडत नाही, हे मी किती जणींच्या बाबतीत पाहिलं याची गणती नाही.

आशांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मराठवाड्यात त्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आशाला ठरावीक रक्कम थोडी आणि बाकी कामागणिक. बाळंतपणानंतर बाळाच्या घरी भेटी द्यायच्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, त्याचे सगळे मिळून २५० रुपये. दिल्लीत बसून हे चांगलं दिसतं. आता बीडच्या बालाघाटातलं गाव घ्या. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली आहे, कोयत्याची जोडी ठरलेली आहे, दिवाळीनंतर गाडी भरली की ओली बाळंतीण वीस दिवसांचं बाळ घेऊन कारखान्यावर जाते. आशानं तीन भेटी दिलेल्या आहेत, पुढच्या भेटी द्यायला बाळच गावात नाही. मग मोबदल्याचा अर्ज अर्धवट. स्थलांतर तिनं घडवलं नाही, पण कापले जातात ते तिचे पैसे. कामागणिक पैसे देण्याची पद्धत जिथं माणसं जागेवर असतात तिथं चालते. अर्धं गाव सहा महिने बाहेर असणाऱ्या मुलखाला ती लावली की सगळ्यात अवघड भागातल्या बाईला सगळ्यात कमी मिळतं. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आशांचा सन्मान केला. आमच्या ओळखीच्या एका आशानं व्हॉट्सअॅपवर ती बातमी ठेवली होती आणि खाली लिहिलं होतं, 'तीन महिन्यांचं थकलंय, ते पण द्या म्हणावं.'

मराठवाड्याच्या अनुशेषाची चर्चा १९८४ च्या दांडेकर समितीपासून ऐकतोय. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष. माणसांच्या थकलेल्या पगारांचा अनुशेष कुणी काढला नाही. असो.

आता 'अनुदान आलं नाही' या उत्तराबद्दल. ते पुष्कळदा खरं असतं. मार्चमध्ये अर्थसंकल्प मंजूर होतो, पण एप्रिलच्या एक तारखेला पैसे सुटत नाहीत. वित्त विभाग मंजूर तरतुदीपैकी किती टक्के सोडायची ते ठरवतो. मग विभागाचा शासन निर्णय निघतो, मग बीडीएस या निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर तरतूद जिल्ह्याच्या नावावर दिसते, मग जिल्हा कार्यालयाचं देयक कोषागारात जातं. योजनेत केंद्राचा साठ टक्के वाटा असेल तर आणखी एक गाठ. मागच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच खर्च झाले याचा दाखला, गेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. ते प्रमाणपत्र संस्था-संस्थांचं गोळा होऊन वर जातं. त्यातल्या एका संस्थेचा लेखापरीक्षण अहवाल अडला तर बाकीच्यांचे पैसेही लोंबकळतात. तरतूद कमी पडली तर पावसाळी अधिवेशन नाहीतर नागपूरचं डिसेंबरातलं अधिवेशन, त्यात पुरवणी मागणी. आणि मार्च उजाडला की एका आठवड्यात सगळं येतं, तेव्हा कोषागाराच्या दारात रात्री अकरापर्यंत शिपाई देयकं घेऊन उभे असतात.

पैसे येईपर्यंत संस्था कशावर चालते? माझ्या त्या सात महिन्यांचं सांगते. किराणा दुकानदार तीन महिने थांबला, चौथ्या महिन्यात तेलाचा डबा देताना त्याचा हात आखडला. मुलींच्या ताटातली डाळ कमी करता येत नव्हती. वीजबिल थकवलं तर लाइनमन खांबावर चढतो. गॅसवाला रोख मागतो. थांबवून चालण्यासारखं एकच होतं, पगार. का चालत होतं? कारण या बाया मुलींना टाकून जाणार नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. त्यांच्या त्या जीव लावण्याच्या भरवशावर मी घर चालवलं. त्यांचा सात महिन्यांचा पगार म्हणजे सरकारला दिलेलं बिनव्याजी कर्ज होतं, आणि जामीन मी त्यांच्या न कळत त्यांनाच ठेवलं होतं. हे मला तेव्हा एवढं स्वच्छ कळलं नव्हतं. एक मावशी मंगळसूत्र मोडून आली आणि काही न बोलता पोळ्या लाटायला बसली, तेव्हा कळलं.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. दर महिन्याच्या सात तारखेला, पैसे असोत-नसोत, प्रत्येकीला लेखी चिठ्ठी द्यायला लागले: अमुक महिन्याचे इतके रुपये संस्थेकडून येणे. मंडळातले लोक रागावले, पुरावा तयार करतेस म्हणाले. आणि देणग्या येत त्यातला ठरावीक भाग पगाराच्या राखीव खात्यात. देणगीदाराला हे पटवणं फार कठीण. लोक आईच्या वर्षश्राद्धाला जेवण देतात, ब्लँकेटं देतात, फ्रिज देतात. 'दोन महिन्यांचा पगार देता का' म्हटलं की त्यांना वाटतं आपले पैसे 'ऑफिसात' गेले. कंपन्या सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी, देताना हेच करतात, आणि परदेशी निधीच्या कायद्यानं २०२० पासून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणल्यावर तर पगार या शब्दालाच सगळे बिचकतात. अहो, बालगृहात गृहमाता हा प्रशासकीय खर्च कसा? ती काढली तर उरतं ते गोदाम.

आता तुमच्या सहीबद्दल. हे मात्र उशिराच्या पैशाचं दुखणं नाही. याची पद्धत मला पाठ आहे. पूर्वी कोऱ्या व्हाउचरवर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर सही घ्यायचे, रक्कम नंतर भरायची. आता पगार खात्यावर जातो, तर जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी निम्मा रोखीनं परत मागतात, किंवा एटीएम कार्डच ठेवून घेतात. कारण विचारलं तर सांगतात की संस्थेचा वाटा भरायचाय. यात अर्धसत्य असं की पुष्कळ योजनांमध्ये नव्वद टक्के सरकारचे आणि दहा टक्के संस्थेनं स्वतःचे घालायचे अशी अट असते. ते दहा टक्के देणगीतून उभे करायचे असतात. ते तुमच्या पगारातून काढणं म्हणजे अटीतली संस्था तुम्हीच झालात! बरं, दर वेळी ते दहा टक्क्यांतच जातात असंही नाही.

'तूच सही केलीस, तूच अडकशील' अशी भीती घालतील. घाबरू नका, पण आंधळेपणानं उडीही मारू नका. मी सांगते त्या क्रमानं करा.

आधी घरात बसून वही लिहा. पाच वर्षांत कोणत्या तारखेला किती मिळाले, किती परत दिले, कुणाच्या हातात दिले, तेव्हा शेजारी कोण होतं. पासबुक भरून घ्या. भविष्य निर्वाह निधी कापतात का ते बघा. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला तो लागू होतो, आणि कापून भरला नसेल तर तो वेगळाच गुन्हा आहे. त्याचं कार्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे, पण यूएएन, म्हणजे निधीच्या खात्याचा तुमचा क्रमांक, असेल तर मोबाइलवरच कळतं.

मग माहितीचा अर्ज. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांत उत्तर. अर्ज तुमच्या नावानं करायलाच हवा असं नाही, तालुक्यातल्या कुणाही विश्वासू माणसाच्या नावानं करा. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडं तुमच्या संस्थेचा अनुदान मंजुरी आदेश, मागच्या तीन वर्षांची पदनिहाय देयकं आणि उपयोगिता प्रमाणपत्रं मागा. 'माझा पगार किती' असं विचारू नका, अशा अर्जाला 'माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही' असं उत्तर येतं. कागदाचं नाव घेऊन कागद मागायचा. दुसरीकडं, संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर दर वर्षी लेखापरीक्षित हिशोब धर्मादाय कार्यालयात दाखल होतात. तिथून अनुसूची ९ ची, म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रकाची नक्कल मिळते. त्यात 'कर्मचारी मानधन' समोर काय आकडा आहे तो बघा आणि तुम्हा सगळ्यांच्या हातात आलेल्या पैशांची बेरीज करा. दोन आकड्यांत जी दरी असेल, ती तुमची तक्रार.

तक्रार कुठं करायची यात माझं मत जरा वेगळं आहे. पुष्कळजण सरळ महिला-बालविकास कार्यालयाकडं जा म्हणतील. तिथं गेलात तर चौकशी लागेल, कदाचित मान्यता रद्द होईल, मुली दुसऱ्या जिल्ह्यात हलवल्या जातील आणि तुमचे पैसे कुणीच देणार नाही. म्हणून पहिली पायरी कामगार खात्याची. जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकारी किंवा सहायक कामगार आयुक्त कार्यालयात वेतनाच्या वसुलीचा दावा. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात किमान वेतन ठरावीक अनुसूचित उद्योगांपुरतंच राहिलेलं नाही, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो, आणि दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. संस्था म्हणेल ही स्वयंसेविका आहे, मानधन घेते. तेव्हा मणिबेनचा निकाल दाखवा. तो अंगणवाडीचा आहे, बालगृहाचा नाही, हे समोरचा वकील सांगेलच. पण 'मानधन म्हणजे वेतन नव्हे' या भिंतीला तिथं भोक पडलेलं आहे. शिवाय १९८३ च्या संजीत रॉय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं दुष्काळी कामावरच्या मजुरांबाबत सांगितलं होतं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही वेठबिगारीच. दुष्काळी कामाचा निकाल आपल्या मुलखात सांगायला फार शब्द लागत नाहीत.

अकरा महिन्यांचा करार आणि मधे एका दिवसाचा खंड असं काही तुमच्याकडून लिहून घेतलं असेल तर तेही कागद ठेवा. त्या एका दिवशी तुम्ही कामावर होताच, मुलींच्या रात्रीच्या नोंदवहीत तुमची सही असणार. डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं वर्षानुवर्षं कायम स्वरूपाचं काम करून घेऊन 'तात्पुरते' म्हणण्याच्या सवयीवर कडक शब्दांत लिहिलं आहे. ते केंद्राच्या कार्यालयातल्या सफाईवाल्या आणि माळीकाम करणाऱ्यांचं होतं, खाजगी संस्थेला जसंच्या तसं लागू होत नाही. वकिलाला मात्र दाखवा.

एकटीनं जाऊ नका. स्वयंपाकीण, पहारेकरी, दुसरी काळजीवाहक, तिघी-चौघी मिळून जा. चौघींना एका दिवशी काढून टाकलं तर संध्याकाळी मुलींना वाढायला कुणी उरत नाही, हे चालकालाही कळतं. आणि दावा दाखल होईपर्यंत मुलींसमोर यातला एक शब्द नको. त्यांना आधीच पुष्कळ घरं सुटल्याची सवय झालेली असते.

तुमच्या चालकाशी बोलायची वेळ आली, आणि तो खरंच अनुदानाअभावी अडकलेला असेल, तर त्याला एवढंच मागा: थकीत रकमेची लेखी चिठ्ठी, दर महिन्याच्या सात तारखेला. खरा अडकलेला असेल तर देईल. मी दिली होती. नाही म्हणाला तर त्या दिवसाची तारीखही वहीत लिहा.

बँकेचा पाच वर्षांचा खातेउतारा या आठवड्यातच मागून ठेवा. जुन्या नोंदींना शाखा शुल्क घेते आणि आठ-दहा दिवस लावते. उतारा हातात आला की जमा झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काढलेल्या रकमा पेन्सिलनं गोल करा. पाच वर्षं दर वेळी तोच आकडा, तोच दुसरा दिवस दिसला तर कामगार अधिकाऱ्याला फार समजावून सांगावं लागत नाही.